तुळजापूर गढीची जळकी तूर

वऱ्हाडातल्या घरात तूरडाळ इतकी रोजची आहे की तिच्याकडे कुणी निरखून पाहत नाही. साधे वरण असो, दालचा असो की पाहुण्यांसाठीचे दाल-गोश्त, डबा उघडायचा, वाटीभर डाळ काढायची, धुवायची आणि चुलीवर चढवायची. कपाशीच्या ओळींमध्ये तुरीचे तास असतात, तुऱ्हाट्या कुंपणाला आणि चुलीला जातात, कुटार गुरांना जाते, दाणा अकोल्याच्या डाळ मिलमध्ये जातो. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने तयार केलेली लहान डाळ मिल तर आता कितीतरी गावांत बचत गटांच्या बायका चालवतात. ही तूर आपल्या भागात कधीपासून आहे, असा प्रश्न मात्र कुणाला पडत नाही. आजोबा-पणजोबांच्या वेळेपासून, असे आपण म्हणून टाकतो.

उत्तर आपल्याच मातीत सापडले आहे, आणि ते पणजोबांच्या फार मागे जाते. सुमारे ३,४०० वर्षे मागे.

अमरावती जिल्ह्यात, चांदूर बाजार तालुक्यात, तुळजापूर गढी नावाचे ठिकाण आहे. तुळजापूर म्हटले की धाराशिव जिल्ह्यातले गाव आठवते. हे ते नव्हे. हे पूर्णेच्या खोऱ्यातले. १९८४-८५ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने बी. पी. बोपर्डीकर यांच्या देखरेखीखाली इथे उत्खनन केले आणि ताम्रपाषाण युगातली वस्ती उघडी पडली. म्हणजे दगडाची पाती आणि थोडेफार तांबे वापरणाऱ्या, शेती करणाऱ्या, रंगवलेली मडकी घडवणाऱ्या लोकांची वस्ती. त्या काळी इजिप्तमध्ये फिरऔनांचे राज्य होते, सिंधू खोऱ्यातली मोठी शहरे ओस पडून काही शतके लोटली होती आणि विदर्भात लोखंड अजून यायचे होते. या वस्तीच्या मातीतून निघालेले जळके दाणे पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधले वनस्पती-अभ्यासक एम. डी. काजळे यांच्याकडे गेले. त्यांचा निबंध १९८८ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात आला आणि उत्खननाचा पूर्ण अहवाल १९९६ मध्ये. त्या दाण्यांत तूर होती. भारतात तुरीचे जे सर्वांत जुने दाणे मिळाले आहेत त्यांत ओडिशातले गोपालपूर आणि गोलबाई सासन, कर्नाटकातले संगनकल्लू आणि आपले तुळजापूर गढी ही नावे घेतली जातात.

आयुष्यभर जळके दाणे तपासणाऱ्या माणसाचे आडनाव काजळे असावे, हा योगायोगही गमतीचाच.

जळले म्हणून वाचले

तीन-साडेतीन हजार वर्षे मातीत पडलेला दाणा कुजत कसा नाही? साधा दाणा कुजतोच. ओल लागली की बुरशी, किडे, मुंग्या आणि जिवाणू त्याचा फडशा पाडतात. वाचतो तो जळलेला दाणा. पण पुरता जळलेला नाही. त्याची राख होते. चुलीत भरपूर हवा लागली तर दाणा राख होतो, पण तोच दाणा राखेखाली किंवा गोवरीच्या आत हवा न लागता तापत राहिला तर त्याचा कोळसा होतो. लोणारी मातीने झाकलेल्या भट्टीत लाकडाचा कोळसा करतो, तसेच हे. कोळसा झालेल्या दाण्यात बुरशीला खायला काही उरत नाही. म्हणून तो हजारो वर्षे तसाच राहतो, आकारासकट.

आता विचार करा, घरात कोणते दाणे जळतात? भाजताना तव्याबाहेर उडालेले. खळ्यावरून आलेला कचरा चुलीत टाकताना त्यासोबत गेलेले. घराला आग लागली तर कणगीतले सगळे. आणि गुरांनी खाल्लेले, शेणातून गोवरीत आणि गोवरीतून चुलीत गेलेले. त्यामुळे या अभ्यासकांना चुलीची राख आणि उकिरडा ही जागा सोन्याच्या हंड्यापेक्षा मोलाची वाटते. राजवाड्यात काय शिजले ते बखरींत सापडते. गरिबाच्या घरी काय शिजले ते फक्त उकिरडा सांगतो.

याची दुसरी बाजूही लक्षात ठेवायला हवी. पालेभाजी अशी जळून टिकत नाही, कंदमुळे क्वचितच टिकतात, दूध-दही तर नाहीच. त्यामुळे एखादी गोष्ट मातीत सापडली नाही म्हणजे लोक ती खात नव्हते, असे म्हणता येत नाही. आंबाडीची भाजी तेव्हा होती की नाही, ते राख सांगणार नाही. अलीकडे मडक्याच्या आतल्या थरात आणि माणसाच्या दातांवरच्या किटणात अडकलेले पिठाचे सूक्ष्म कण तपासतात, त्यातून काही उणीव भरून निघते. हरियाणात फरमाणा इथल्या सिंधू संस्कृतीच्या वस्तीत अशा कणांवरून हळद आणि आले ओळखले गेले. ते उत्खननही डेक्कन कॉलेजच्या लोकांनी केलेले.

वाळवंटाची गोष्ट निराळी. तिथे ओलच नाही, म्हणून न जळलेली वस्तूही टिकते. इजिप्तच्या लाल समुद्रावरच्या बेरेनिके या जुन्या बंदरात मंदिराच्या जागी भारतीय रांजणात साडेसात किलो काळी मिरी सापडली, जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीची. त्याच किनाऱ्यावर कुसैर अल-कदीम आहे. इस्लामी काळात इथून व्यापारी आणि मक्केला जाणारे हाजी ये-जा करत. तिथल्या कचऱ्यात मारिके व्हान डेर वेन या अभ्यासिकेला वेलची, हळद, आले आणि सुपारी मिळाली. अरबी व्यापाऱ्यांनी हिंदुस्थानातून मसाले नेले हे आपण शाळेत वाचतो. तिथे त्या मसाल्यांची सालपटे हातात घेता येतात. वऱ्हाडाच्या पावसात आणि काळ्या मातीत असे भाग्य नाही. इथे फक्त कोळसा टिकतो.

बादलीभर पाणी आणि दादीची नजर

कोळसा झालेले दाणे मातीतून वेचायचे कसे? हातांनी वेचायला गेलात तर मोठे दोन-चार मिळतील, तेही बोटांत चुरतील. म्हणून उत्खननातली माती, थर आणि जागा लिहून, पिशव्यांत भरतात आणि पाण्यात सोडतात. हलकेच ढवळले की माती व खडे तळाशी बसतात आणि सच्छिद्र, हलके जळके दाणे वर तरंगतात. ते पाणी अगदी बारीक जाळीच्या चाळणीतून गाळायचे. जाळीवर राहिलेले सगळे सावलीत सावकाश वाळवायचे, कारण उन्हात दाणे तडकतात. तांदूळ धुताना कोंडा आणि पोकळ दाणे वर येतात, तोच हा न्याय. ही पद्धत उत्खननांत रूढ झाली ती १९६० च्या दशकापासून. त्याआधी किती मण इतिहास मातीसोबत फेकला गेला असेल, याचा हिशेबच नाही.

मग खरे काम सुरू होते: निवडणे. टेबलावर सूक्ष्मदर्शक, ताटलीत चमचाभर काळा चुरा, हातात बारीक ब्रश. कोळसा वेगळा, दाणे वेगळे, तणांच्या बिया वेगळ्या, भुसाचे तुकडे वेगळे. आपल्या दादी-नानी सुपात डाळ घेऊन अंगणात बसतात, पाखडतात, आणि बोलता बोलता खडा, किडका दाणा, चुकून मिसळलेला लाखोळीचा दाणा बोटाने बाजूला सारतात, ते आठवा. फरक इतकाच की दादीच्या सुपातल्या दाण्यांना रंग असतो. इथे मूगही काळा, मसूरही काळी, गहूही काळा.

रंग गेला, साल बहुधा उडालेली, दाणा कधी आक्रसलेला तर कधी फुगून फुटलेला. मग ओळखायचे कशावरून?

कडधान्याचा दाणा शेंगेला जिथे चिकटलेला असतो तिथे एक खूण राहते. तिला नाभी म्हणतात. चवळीच्या दाण्याचा काळा डोळा सगळ्यांना ठाऊक आहे. त्या डोळ्याच्या मधोमध असते ती नाभी. प्रत्येक कडधान्यात तिची जागा, लांबी आणि काठ वेगळा. उडदाच्या नाभीभोवती उंचावलेली कड असते, मुगाची नाभी सालीला सपाट लागून असते. पण साल उडाली तर नाभीही गेली. मग दाणा फुटून वेगळी झालेली डाळिंबी पाहायची. दोन डाळिंब्यांच्या मध्ये इवलासा कोंब दडलेला असतो आणि त्याची खोबण डाळिंबीच्या आतल्या बाजूला उमटते. मुगात हा कोंब लांब असतो, उडदात तुलनेने आखूड. मूग आणि उडीद इतके सख्खे भाऊ की जळल्यावर त्यांच्यातला भेद सांगणारी ही एक खोबणच उरते. मोड आलेली उसळ निवडताना हे घरीही पाहता येईल.

गहू आणि जव यांना पोटावर चीर असते, पण जवाचा दाणा दोन्ही टोकांना निमुळता होतो आणि सहा ओळींच्या कणसातले बाजूचे दाणे किंचित पिळवटलेले असतात. त्याहून बोलके असते ते कणसाच्या दांडीचे पेर. रानटी गहू पिकला की कणीस आपोआप विखुरते आणि पेराचा तुटलेला भाग गुळगुळीत राहतो. माणसाने पेरलेल्या गव्हाचे कणीस झोडपावे लागते, म्हणून तिथे ओरबाडल्याची खूण राहते. मळणीची एवढीशी जखम पाहून अभ्यासक सांगतो की हे धान्य रानातले नव्हे, शेतातले आहे.

तुरीतही असेच आहे. रानतुरीच्या दाण्याला नाभीपाशी एक पांढुरकी गाठ ठळक दिसते. पेरलेल्या तुरीत ती नसते किंवा नावापुरती असते. शिवाय दाण्याचा आकार बोलतो: ना मुगासारखा लांबट, ना मसुरीसारखा चपटा भिंगासारखा, तर जाड, गोलसर-चौकोनी आणि एका बाजूला दबलेला.

शेवटी निर्णय लागतो तो तुलनेने. प्रत्येक प्रयोगशाळेत आजच्या बियांचा संग्रह असतो: धान्ये, कडधान्ये, रानफळे, शेताच्या बांधावरची तणे, सगळ्यांच्या लहान लहान कुप्या. त्यांतल्या काही मुद्दाम भट्टीत हवा न लागू देता जाळून ठेवतात, कारण जळल्यावर आकार कसा बदलतो ते कळल्याशिवाय जुना दाणा ओळखता येत नाही. आणि हा संग्रह येतो कुठून? शेतकऱ्यांकडून, आदिवासी पाड्यांवरून, आठवडी बाजारातून. ज्या म्हाताऱ्या बाईला अजून बर्टी, कोदो आणि राळा डोळे मिटून चिमटीवर ओळखता येतो, ती या शास्त्राची शिक्षिका आहे. माझ्या मते हे कुठल्याही पाठ्यपुस्तकात ठळक छापायला हवे होते. तिच्या मागे ही ओळख कुणाकडे राहणार, हा प्रश्न खोटा नाही. आज शहरातल्या कितीतरी मुलांना फुटाण्याआधीचा हरभरा आणि डाळीआधीची तूर ठाऊक नसते.

चुका आणि सावधपणा

मोहरीच्या दाण्याचा दाखला पवित्र कुरआनात सूरह अंबिया आणि सूरह लुकमान या दोन ठिकाणी येतो. तो माणसाच्या लहानात लहान कर्माविषयी आहे, शेतीविषयी नाही. पण सूक्ष्मदर्शकाशेजारी बसलेल्या माणसालाही तो आठवावा असा आहे, कारण इथेही दाण्याएवढ्या गोष्टीवर फार मोठा हिशेब उभा राहतो आणि चूक झाली तर तीही तेवढीच मोठी होते.

नाचणीचे उदाहरण घ्या. नाचणी मूळची आफ्रिकेतली. भारतातल्या कित्येक प्राचीन स्थळांवर ती सापडल्याची नोंद एके काळी होत होती. पुढे लंडनच्या डोरियन फुलर यांच्यासारख्या अभ्यासकांनी दाणे आणि छायाचित्रे पुन्हा तपासली, तेव्हा त्यांतले पुष्कळसे दाणे नाचणीचे नसून इथल्याच बारीक तृणधान्यांचे निघाले. साल गेलेले बारीक गोल दाणे एकमेकांसारखे दिसतात. त्यामुळे आफ्रिकेतून धान्य कधी आले याची तारीखच पुढे-मागे सरकली.

आणखी एक अडचण खास आपल्या मातीची आहे. वऱ्हाडाच्या काळ्या रानाला उन्हाळ्यात हातभर खोल भेगा पडतात, हे इथल्या पोराटोरांनाही माहीत आहे. वरच्या थरातला दाणा त्या भेगेतून खाली घरंगळला तर कालचा दाणा तीन हजार वर्षांच्या थरात जाऊन बसेल. उंदीर आणि मुंग्याही हेच करतात. म्हणून एखाद-दुसऱ्या दाण्यावर कुणी जाणता माणूस मोठे विधान करत नाही. तोच दाणा अनेक खड्ड्यांत आणि अनेक थरांत मिळावा लागतो. आता तर एका दाण्याचे थेट कार्बन-मापन करून त्याचे वय काढता येते. पूर्वी त्यासाठी मूठभर कोळसा लागत असे.

तुरीच्याच बाबतीत एका दाण्याने केवढा घोळ घातला ते पाहा. एकोणिसाव्या शतकात जॉर्ज श्वाइनफुर्थ या जर्मन अभ्यासकाने इजिप्तमधल्या थेब्जजवळच्या एका प्राचीन थडग्यातल्या दाण्याची तूर म्हणून नोंद केली. दाणा एकच. तेवढ्यावरून तूर मूळची आफ्रिकेची, असे बराच काळ लिहिले जात होते. पुढे व्हान डेर मेसेन यांनी तुरीच्या सगळ्या रानटी भाऊबंदांचा अभ्यास केला आणि तिचे माहेर हिंदुस्थान असल्याचे दाखवले. तिची सर्वांत जवळची रानटी बहीण आजही ओडिशा, बस्तर आणि आंध्रच्या पूर्व घाटातल्या जंगलकाठाला वाढते. इथून तूर आफ्रिकेत गेली. युरोपीयांना ती तिथे प्रथम भेटली म्हणून तिला ‘काँगोचा वाटाणा’ असे नाव पडले, आणि गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी माणसांच्या जहाजांतून ती अमेरिकेच्या बेटांवर पोहोचली. पोर्तो रिकोत आज सणासुदीचा भात तुरीच्या दाण्यांशिवाय होत नाही.

म्हणजे पूर्णेच्या काठी सापडलेली तूर इथे आपोआप उगवलेली नव्हती. तिचे रान पूर्वेला, शेकडो मैल दूर. कुणीतरी ती पेरत पेरत, देत-घेत इथवर आणली. कुणी, ते मडक्यांवर लिहिलेले नाही. पण पूर्वेच्या डोंगराळ मुलखाचा आणि वऱ्हाडाचा व्यवहार तेव्हाही चालू होता, एवढे त्या जळक्या दाण्यांवरून म्हणता येते.

खिचड्याच्या देगेत कोण कुठले

मोहरममध्ये किंवा एरवीही आपल्याकडे खिचडा होतो. गहू, जव, तांदूळ, हरभऱ्याची डाळ, मसूर, मूग, उडीद, तूर. एका देगेत इतकी धान्ये एकत्र शिजवण्याची रीत ज्याने पाडली त्याला ठाऊक नसेल, पण त्या देगेत अर्ध्या जगाचा प्रवास शिजत असतो. गहू, जव, मसूर आणि हरभरा हे पश्चिम आशियाचे. शाम, इराक आणि तुर्कस्तान यांच्या पट्ट्यातले. मूसा (अ.) यांच्या लोकांनी ज्या गोष्टींची मागणी केली त्यांत मसूर होती, हे सूरह बकरामुळे आपल्याला ठाऊक आहे. मूग, उडीद आणि तूर हिंदुस्थानची. तांदूळ गंगेच्या आणि त्याही पूर्वेच्या मुलखाचा. देगेशेजारी भाकरी असेल तर तिची ज्वारी आफ्रिकेची.

ज्वारीचा शोध कसा लागला, तेही ऐकण्यासारखे आहे. सुदानच्या पूर्व भागातल्या एका जुन्या वस्तीत जळके दाणे जवळपास नव्हतेच. पण तिथले कुंभार मातीत भुसा मिसळत. भट्टीत भुसा जळून गेला आणि खापरात त्याचा पोकळ ठसा राहिला. अभ्यासकांनी त्या ठशांत रबरासारखे द्रव्य ओतून साचे काढले, सूक्ष्मदर्शकाखाली धरले, आणि त्यांत पेरलेल्या ज्वारीची बोंडे ओळखली. इ. स. पूर्व चौथ्या सहस्रकातली. २०१७ मध्ये हे प्रसिद्ध झाले. तिथून ज्वारी समुद्रमार्गे हिंदुस्थानात आली आणि वऱ्हाडात अशी रुजली की ज्वारीला कुणी बाहेरची म्हणत नाही. मिरचीलाही म्हणत नाही, जी पोर्तुगीजांसोबत आली, म्हणजे बहमनींची आणि एलिचपूरच्या इमादशाहीची सुरुवात होऊन गेल्यानंतर.

महाराष्ट्रात या कामाचा पाया घातला गेला तो डेक्कन कॉलेजात, डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या काळात. नर्मदेकाठच्या नावडातोलीत त्यांनी खणले तेव्हा धान्य लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या विष्णु-मित्रे यांच्याकडे गेले. गहू, मसूर, मूग यांच्यासोबत त्यात जवस, आवळा आणि बोरही निघाले. पुढे पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावला १९६८ पासून वर्षानुवर्षे उत्खनन चालले. तिथल्या लोकांचे मुख्य धान्य जव होते. जोडीला गहू, मसूर, कुळीथ आणि बोरे. इनामगावच्या १९८८ च्या अहवालावर तीन नावे आहेत: म. के. ढवळीकर, सांकलिया आणि झैनुद्दीन अन्सारी. अन्सारीसाहेब त्याआधी नेवाशाच्या उत्खननातही होते आणि त्या अहवालाचेही सहलेखक होते. आपल्या मुलांना शास्त्रज्ञांची नावे सांगताना हे नाव क्वचितच घेतले जाते. नवव्या शतकात वनस्पतींवर मोठा ग्रंथ लिहिणारे अबू हनीफा अद्-दीनवरी आणि तेराव्या शतकातले इब्न अल-बैतार आपण अभिमानाने सांगतो. उन्हात टोपी घालून महाराष्ट्राच्या मातीत बसलेला माणूस त्यांच्याच वाटेवरचा होता.

नेवाशाला एका लहान मुलाच्या दफनात गळ्याभोवती तांब्याच्या मण्यांची माळ सापडली. मण्यांच्या आत दोऱ्याचे तंतू टिकले होते, कारण तांब्याचा क्षार धाग्यात मुरला की तो कुजत नाही. ए. एन. गुलाटी यांनी १९६१ मध्ये त्यात रेशीम आणि कापूस असल्याचे लिहिले. हेच गुलाटी आणि त्यांचे सहकारी टर्नर यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माटुंग्याच्या कापूस प्रयोगशाळेत मोहेंजोदडोच्या चांदीच्या भांड्याला चिकटलेला कापडाचा तुकडा तपासला होता आणि तो इथल्या देशी कापसाचाच असल्याचे ओळखले होते. ज्या प्रयोगशाळेत वऱ्हाडच्या कापसाची प्रत ठरवायची, तिथेच साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या कापसाचीही ठरली.

पांढरी चालली

आता मुद्द्याची गोष्ट. जुन्या लोकांच्या तोंडी काळी आणि पांढरी असे दोन शब्द असत. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे गावठाण. शेकडो, हजारो वर्षे एकाच जागी घरे बांधली, पडली, पुन्हा बांधली. राख, शेण, मातीच्या भिंती यांचे थर साचत गेले आणि जमीन पांढुरकी झाली, टेकाड झाले. वऱ्हाडातल्या पुष्कळ गढ्या अशाच पांढरीच्या टेकाडावर उभ्या आहेत. वर देशमुखाचा किंवा जहागीरदाराचा पडका बुरूज, त्याखाली बहमनी आणि मोगल काळ, त्याखाली सातवाहन, आणि काही ठिकाणी अगदी तळाशी तुळजापूर गढीसारखी वस्ती.

ही पांढरी माती धाब्याच्या घरांना चांगली. पाणी धरत नाही, म्हणून पूर्वी टोपलीने आणून छपरावर टाकत. शेतात खत म्हणूनही ती नेत. टोपलीने नेल्याने टेकाड संपत नव्हते. आता जेसीबी येतो, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या लागतात आणि आठवड्यात टेकाड सपाट होते. विटांसाठी, रस्त्याच्या भरावासाठी, प्लॉट पाडण्यासाठी. त्यात कुणाचा दुष्टपणा नसतो. गावाच्या दृष्टीने ती फुकटची माती असते.

कायद्याचेही थोडे असेच आहे. १८७८ चा गुप्तधन कायदा सांगतो की जमिनीत दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचे काही पुरलेले सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवले पाहिजे. नाणे सापडले तर गावभर चर्चा होते, पोलीस येतात, पेपरात फोटो येतो. जळक्या तुरीची किंमत दहा रुपयेही कुणी करणार नाही.

म्हणून निदान एवढे करता येईल. घराचा पाया खणताना किंवा गढीची माती काढताना काळपट राखेचा थर लागला, त्यात रंगवलेली खापरे, हाडे, जळके दाणे दिसले, तर फावडे तिथे थांबवावे. दाणे बोटांनी वेचू नयेत, धुऊ नयेत. जागेचे आणि थराचे फोटो काढावेत, शेजारी एक फूटपट्टी ठेवून. तहसील कार्यालयाला आणि नागपूरच्या पुरातत्त्व कार्यालयाला कळवावे. केंद्राच्या आणि राज्याच्या दोन्ही खात्यांची कार्यालये नागपुरात आहेत. शाळेतल्या इतिहासाच्या सरांना किंवा मॅडमना बोलावून मुलांना तो थर दाखवावा. आणि घरात बर्टी-राळा ओळखणारी दादी असेल, तर मुलांना एखाद्या दुपारी तिच्या सुपाजवळ बसवावे. प्रत्येक दाण्याची चिमूट वेगळ्या कागदात बांधून वर नाव लिहून घ्यावे, ती ज्या नावाने हाक मारते त्याच नावाने.